बॅकअपसाठी कोणती एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी: तीन डिस्कच्या दीड वर्षाच्या वापरानंतर

सांगलीत मी गेली २२ वर्षे पुस्तकांची आणि स्मरणिकांची अक्षरजुळणी व मांडणी करते. माझ्या लॅपटॉपवर सुमारे ६०० जीबी डेटा आहे: श्रीलिपी आणि आकृती या कंपन्यांच्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या पेजमेकरच्या फायली, इनडिझाइनमध्ये लावलेली पुस्तके, मुखपृष्ठे, स्कॅन करून स्वच्छ केलेली जुनी पाने आणि थोडे घरचे फोटो. यांतल्या बऱ्याच फायली लेखकाकडे नसतात आणि अनेकदा प्रकाशकाकडेही नसतात. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली की ते माझ्याकडेच विचारणा करतात. त्यामुळे बॅकअप हा माझ्या कामाचाच भाग आहे. गेल्या दीड वर्षात मी त्यासाठी तीन डिस्क घेतल्या आणि नियमितपणे वापरल्या: डब्ल्यूडी एलिमेंट्स २ टीबी, तोशिबा कॅनव्हिओ बेसिक्स २ टीबी आणि सॅमसंग टी७ ही १ टीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर डेटा साठवणारी डिस्क. हे परीक्षण त्या तिन्हींचे आहे. पण डिस्क कशासाठी घ्यायची हे आधी ठरले नाही तर कोणती घ्यायची याचे उत्तर चुकते, असा माझा अनुभव असल्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

आपल्याकडे संगणक जोडून देणारा माणूस एकाच हार्ड डिस्कचे सी, डी आणि ई असे भाग पाडून देतो आणि "महत्त्वाचे काम डीमध्ये ठेवा, म्हणजे विंडोज गेले तरी ते राहील" असे सांगतो. ते विंडोज बिघडण्यापुरते खरे आहे. परंतु सी आणि डी ही एकाच चकतीवर आखलेली दोन शेते आहेत, आणि डिस्क यांत्रिकपणे बंद पडली की दोन्ही एकदमच जातात. माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क अशीच एका सकाळी दिसेनाशी झाली. माझ्याकडे एक एक्स्टर्नल डिस्क होती आणि तिच्यावर दोन महिन्यांपूर्वीचा बॅकअपही होता, पण तो उघडल्यावर लक्षात आले की फायली आहेत आणि फॉन्ट नाहीत. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच क्रमांकपद्धत, येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात; नेमका तोच फॉन्ट नसेल तर तीनशे पानांचे पुस्तक निव्वळ निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येते. फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये होते, मी मात्र फक्त कामाचे फोल्डर नकलले होते. ते फॉन्ट गोळा करण्यात माझे तीन आठवडे गेले आणि दोन पुस्तके पुन्हा टंकावी लागली.

दुसरा धडा ऑगस्ट २०१९चा आहे. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले त्या दिवसांत आम्ही संगणक वरच्या मजल्यावर नेले, पण बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या खालच्या खणात राहिली. मूळ प्रत वाचली म्हणून पुढचे निभावले. घाईत उलटे झाले असते, म्हणजे डिस्क वर गेली असती आणि संगणक खाली राहिला असता, तरी चालले असते. दोन्ही खाली राहिले असते तर मात्र काहीच उरले नसते. एकाच खोलीतल्या दोन प्रती आग, पूर आणि चोरी यांच्यापुढे एकच प्रत ठरतात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा बॅकअपचा जुना नियम मी तेव्हापासून शब्दशः पाळते, आणि म्हणूनच मला एक महाग डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या डिस्क घेणे अधिक शहाणपणाचे वाटते. माझ्या निवडीचा सगळा पाया हाच आहे.

आता डिस्कविषयी. मेजावर ठेवायच्या साडेतीन इंची डिस्क मोठ्या क्षमतेच्या मिळतात आणि दर टीबीमागे स्वस्तही पडतात, पण त्यांना स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. ज्या गावात दुपारी वीज जाते आणि इन्व्हर्टरवर उडी घेताना क्षणभर खंड पडतो, तिथे नक्कल चालू असताना अशी डिस्क अचानक बंद होण्याचा धोका असतो. अडीच इंची पोर्टेबल डिस्क लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालते, त्यामुळे वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पूर्ण होते. यूपीएस नसलेल्या घराला मी साडेतीन इंची डिस्क सुचवणार नाही.

एलिमेंट्स ही डब्ल्यूडीची साधी मालिका आहे. काळे प्लास्टिकचे कवच, एक लहान दिवा आणि एक आखूड केबल, एवढेच पेटीतून निघते. पासवर्ड नाही, स्वतःचे एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक रूपात बंद करण्याची सोय) नाही, आणि मला हीच गोष्ट आवडली. त्याच कंपनीच्या माय पासपोर्ट मालिकेत एन्क्रिप्शनची सोय डिस्कच्या सर्किटमध्येच असते. ती चांगली आहे, पण पासवर्ड विसरला तर कंपनीही डेटा उघडून देऊ शकत नाही, आणि सर्किट बिघडले तर नुसत्या चकत्या शाबूत असून उपयोग होत नाही. ज्याच्या डिस्कवर पक्षकारांची कागदपत्रे किंवा रुग्णांच्या नोंदी असतील त्याने एन्क्रिप्शन अवश्य घ्यावे. माझ्या डिस्कवर छापून प्रसिद्ध झालेली पुस्तकेच जास्त आहेत, त्यामुळे चोराने ती वाचण्यापेक्षा मला ती उघडता न येण्याची भीती मोठी आहे. घरच्या कागदपत्रांचे एकच फोल्डर मी व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने बंद करून ठेवले आहे आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या कागदांसोबत ठेवला आहे.

कॅनव्हिओ बेसिक्स वापरात एलिमेंट्सहून फारशी वेगळी नाही. तिचे कवच खरखरीत आहे, त्यावर बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि ती हातातून निसटत नाही. आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. दोन्ही डिस्क विंडोजला सोयीच्या एनटीएफएस पद्धतीने तयार होऊनच येतात. मॅक अशा डिस्कवरचे वाचू शकतो पण तिच्यावर लिहू शकत नाही, म्हणून मॅक वापरणाऱ्याने ती आपल्या पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करून घ्यावी. विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरवायची असेल तर एक्सफॅट चालते, मात्र लिहिणे चालू असताना केबल निघाली तर एक्सफॅटवरील फायलींना एनटीएफएसपेक्षा अधिक धोका असतो. तिसरी ओळखीची कंपनी सीगेट. फिरत्या चकत्यांच्या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आज जगात या तीनच उरल्या आहेत, त्यामुळे पेटीवर दुसरे कोणतेही नाव असले तरी आतली हार्ड डिस्क बहुधा यांपैकीच एकीची असते. मी दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगळ्या महिन्यांत डिस्क घेतल्या, याचे कारण एकाच खेपेतल्या दोन डिस्कमध्ये एकच दोष असण्याची शक्यता राहते.

वेगाबद्दल दुकानदार फार बोलतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते. पेटीवरचे यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत आणि तिघांचा कमाल वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे. चकती मात्र मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेते आणि तिच्यावर सेकंदाला १२० ते १३० एमबीच्या आसपासच लिहिले जाते; यूएसबीचा रस्ता कितीही रुंद केला तरी गाडी त्याच चालीने जाणार. माझ्या ६०० जीबीची पहिली नक्कल हिशेबाने दीड तासाच्या आत व्हायला हवी होती, पण लहान लहान फायली हजारोंनी असल्यामुळे दोन्ही डिस्कना अडीच तासांहून थोडा अधिक वेळ लागला. चुकून जुन्या यूएसबी २.० च्या पोर्टला लावल्यास हेच काम पाच तासांच्याही पुढे जाते. निळ्या रंगाचे पोर्ट शोधून त्यालाच लावावे. पहिल्या नकलेनंतर फक्त बदललेल्या फायली जातात, आणि त्याला मला आठवड्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. बॅकअपच्या डिस्कमध्ये वेगासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला म्हणूनच दिसत नाही.

या डिस्कविषयी एक गोष्ट पेटीवर क्वचितच लिहिलेली असते. आजच्या बहुतेक अडीच इंची डिस्कमध्ये एसएमआर पद्धतीने लेखन होते. मंगलोरी कौले जशी एकाची कड दुसऱ्यावर ठेवून बसवतात, तशा या चकतीवर लेखनाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, आणि त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक डेटा मावतो. मधले एक कौल बदलायचे तर वरच्या रांगा उचलाव्या लागतात, त्याचप्रमाणे जुनी फाइल पुसून तिथे नवी लिहिताना या डिस्कला आजूबाजूच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात, आणि बराच वेळ सतत लेखन चालले की ती मंदावते. २०२०मध्ये डब्ल्यूडीने रेड मालिकेतल्या, म्हणजे सतत चालणाऱ्या नेटवर्क स्टोरेजसाठीच्या, काही डिस्कमध्ये ही पद्धत ग्राहकांना न सांगता वापरल्याचे उघड झाले तेव्हा बरीच ओरड झाली आणि ती रास्तच होती. बॅकअपसाठी मात्र ही पद्धत चालते, कारण तिथे आपण एकदा लिहितो आणि क्वचित बदलतो. डिस्कवरूनच थेट काम करण्याचा, तिच्यावर फोटोशॉपच्या फायली उघडून बसण्याचा विचार असेल तर ती घेऊ नये.

त्या कामासाठी टी७ आहे. ५८ ग्रॅम वजनाची, धातूच्या कवचाची ही एसएसडी शर्टाच्या खिशात मावते आणि तिच्यात फिरणारे काहीच नसते. कंपनी तिचा वाचनाचा वेग सेकंदाला १०५० एमबीपर्यंत सांगते. तेवढ्यासाठी लॅपटॉपलाही १० गिगाबिटचे पोर्ट हवे, माझ्या लॅपटॉपला ते नाही. तरीही तीच ६०० जीबीची नक्कल पाऊण तासात झाली. सोबत टाइप-सी आणि साधी अशा दोन्ही यूएसबींच्या केबल मिळतात. छापखान्यात काम घेऊन जाताना मी हीच वापरते आणि तिच्याविषयी पूर्ण समाधानी आहे. पण कपाटात ठेवायची बॅकअपची प्रत मी तिच्यावर ठेवत नाही, याची कारणे दोन. एसएसडीत डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. वापरून झिजलेली ग्राहकोपयोगी एसएसडी ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष डेटा टिकवेल, एवढीच अपेक्षा त्या उद्योगाचे मानक धरते. नवी एसएसडी त्याहून पुष्कळ जास्त टिकते, पण आमच्याकडे मे महिन्यात कपाटातही तापमान ३० अंशांच्या आत राहत नाही. दुसरे असे की चकतीची डिस्क बहुधा आवाज करून, मंदावून, फायली उघडायला वेळ लावून आपली तब्येत सांगते, तर एसएसडी पुष्कळदा काही न सांगता एकदम जाते, आणि गेली की डेटा परत मिळवणे फार कठीण असते. २०२३मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडी अचानक निकामी होत असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला त्यासाठी फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतले सॉफ्टवेअर, सुधारून द्यावे लागले, हे अनेकांच्या लक्षात असेल. शिवाय चकतीच्या डिस्कला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात एसएसडीची क्षमता निम्मीही मिळत नाही.

क्षमता किती घ्यावी, याचे माझे साधे माप असे की आज जेवढा डेटा आहे त्याच्या तिप्पट. फायलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या असतात, आणि चुकीने पुसलेले प्रकरण तीन आठवड्यांनी आठवते तेव्हा त्याच कामी येतात. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते. त्यात फसवणूक काही नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. ४ आणि ५ टीबीच्या पोर्टेबल डिस्क जाड असतात, साधारण १५ मिलिमीटरच्या जागी २१, कारण आत चकत्या आणि त्यांवर लिहिणारी-वाचणारी हेड अधिक असतात. बिघडू शकणारे भाग वाढतात आणि एकाच ठिकाणी अधिक डेटा अडकतो, म्हणून गरज नसताना मी मोठ्या डिस्ककडे जात नाही.

खरेदीबाबत एक सावधगिरीची सूचना कळकळीने करते. दोन हजार रुपयांत १६ टीबीची एसएसडी अशा जाहिराती दिसतात. त्या कवचात बहुधा एक लहानसे मेमरी कार्ड असते आणि ते संगणकाला आपली क्षमता खोटी सांगते. त्यावर फायली जाताना दिसतात, यादीतही राहतात, पण खरी जागा भरल्यावर नवी फाइल जुनीवर लिहिली जाते आणि उघडायला गेल्यावरच ते कळते. कोणतीही नवी डिस्क घरी आणल्यावर मी एच२टेस्टडब्ल्यू या विनामूल्य प्रोग्रामने ती पूर्ण भरून आणि वाचून पाहते. २ टीबीला त्यात रात्र आणि दुसरा दिवस जातो, पण खोटी क्षमता आणि उत्पादनातला दोष दोन्ही परताव्याच्या मुदतीतच उघडे पडतात. दुकानात पैसे देण्यापूर्वी पेटीवरचा सीरियल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी भारतातली आहे का आणि किती आहे हेही पाहून घ्यावे. माझ्या तिन्ही डिस्कना तीन वर्षांची वॉरंटी आहे. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही, हे मात्र विसरू नये. बिघडलेली डिस्क परत देताना तिच्यावरचे सगळे अनोळखी हातांत जाते, याचाही विचार आधी करावा.

दोन्ही चकतीच्या डिस्कमध्ये मला एक उणीव सारखीच वाटते, ती म्हणजे मायक्रो-बी हे रुंद, चपटे पोर्ट. ते फोनच्या केबलीशी जुळत नाही, आणि केबल आडवी ओढली गेली तर ढिले होण्याची भीती राहते. अलीकडच्या पुष्कळ पोर्टेबल डिस्कमध्ये हे पोर्ट डिस्कच्या मुख्य सर्किटवरच बसवलेले असते. पूर्वीसारखे कवच उघडून आतली डिस्क दुसऱ्या संगणकाला साटा केबलने (संगणकाच्या आत डिस्क जोडतात त्या केबलने) जोडता येत नाही, त्यामुळे पोर्ट तुटले की प्रकरण दुरुस्तीवाल्याकडे जाते. मी डिस्क नेहमी मेजावर सपाट ठेवून जोडते आणि जास्तीची एक केबल खणात ठेवते. चालू डिस्क उचलणे तर पूर्णपणे टाळावे, कारण चकती आणि हेड यांच्यात केवळ काही नॅनोमीटरचे अंतर असते आणि बंद डिस्क जो धक्का सोसते तोच चालू डिस्कला संपवू शकतो. पावसाळ्यात दोन्ही डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. या डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते, तेव्हा सादळलेल्या खोलीत त्या उघड्या ठेवणे मला बरोबर वाटत नाही.

सॉफ्टवेअरसाठी वेगळा खर्च केला नाही. विंडोजमधली फाइल हिस्टरी ही बॅकअपची सोय पुरते, पण ती आपण होऊन डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप यांसारखीच फोल्डर घेते. डी ड्राइव्हवरची कामाची फोल्डर तिच्यात मुद्दाम जोडावी लागतात. फॉन्टचे फोल्डर मी कामाच्या फोल्डरमध्ये दर महिन्याला नकलून ठेवते, म्हणजे तेही आपोआप बॅकअपमध्ये जाते. मॅकवाल्यांना २००७पासून टाइम मशीन ही तशीच सोय आहे आणि ते या बाबतीत अधिक सुखी आहेत. काम झाले की डिस्क सुरक्षितपणे काढून डब्यात जाते, ती कायम जोडलेली राहत नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय पसरला तेव्हा जगभर दिसले की खंडणीखोर व्हायरस संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतो. डब्यातल्या डिस्कपर्यंत तो पोहोचू शकत नाही.

एक डिस्क माझ्याकडे असते आणि दुसरी पुण्यात बहिणीकडे. दर दोन महिन्यांनी कोणीतरी जातो-येतो, त्याच्या पिशवीत या दोघींची अदलाबदल होते आणि सांगलीत आलेल्या डिस्कवर मी त्याच रात्री नवा बॅकअप चढवते. त्याआधी मात्र एक पुस्तक निवडून ते फॉन्टसह दुसऱ्याच संगणकावर उतरवते आणि पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत चाळून पाहते. या वेळी २००९ सालची एक काव्यसंग्रहाची फाइल निवडली होती. १२८ पाने जशी लावली होती तशी, रफारांसकट उघडली.